बारशाला आलेली आगंतुक बाई

विष्णुपुरीच्या धरणावर मी उभी हयात नोकरी केली. ज्यानं गोदावरीचं पाणी अडवलं, त्याला कॉम्प्युटरवरच्या जाहिराती अडवणं काय अवघड? असं मी घरात जाहीर केलं, आणि तिथंच फसलो!

आमच्या कॉम्प्युटरचं मुदखेड स्टेशन झालं होतं. एक जाहिरात हलते न हलते तोच दुसरी हजर! गुडघ्याचं तेल, कापसाची गादी, आणि एक बाई तर सारखी ओरडायची, "अभिनंदन! तुम्ही जिंकलात!" शोध घेतला, तर गुन्हेगार घरातच. आमची बायको, गुणाबाई! पडद्यावर कुणीही "येऊ का?" विचारलं, की ही "हो" दाबून मोकळी.

"अगं, कुणालाही हो म्हणतेस?"

"दारात आलेल्याला न्हाई कसं म्हणावं? ती बिचारी रोज अभिनंदन करती. तुम्ही केलं का कधी?"

मी विषय बदलला. ब्लॉकर बसवला आणि कॉम्प्युटरच्या हरएक प्रश्नाला कायमचं "नाही" करून टाकलं. घर शांत! मी छाती काढून हिंडू लागलो.

रविवारी नातीचं बारसं. मुलगा सत्यम जर्मनीत. ठरलं असं, की आत्यानं, म्हणजे आमच्या दामिनीनं, इथून नाव सांगायचं आणि सूनबाईनं तिकडे फोन बाळाच्या कानाला धरायचा. दामिनी त्यासाठी लातूरहून आली. गल्लीतल्या बायाही नटून जमल्या. नाव घेताच आत्याच्या पाठीत बुक्के घालायचे असतात, ती संधी कोण सोडतंय!

सत्यमनं पाठवलेल्या लिंकवर मी क्लिक केलं. काही नाही. पुन्हा केलं. तरी काही नाही.

"जर्मनीत लाइट गेली असंल," मी म्हणालो.

तेवढ्यात दामिनीचा मोबाइल वाजला. ती ऐकून म्हणाली, "बाबा, दादा म्हणून राहिलाय, आपल्याकडूनच बंद हाय. बाळ झोपायला लागलंय! मोबाइलवरच करू का?"

"एवढ्याशा मोबाइलवर बारसं? गल्ली काय म्हणंल?"

दामिनीचा चेहरा पडला. "पहिली भाची हाय माझी," एवढंच म्हणाली. मला लई वाईट वाटलं.

"काढा तुमचं ते धरण!" गुणाबाई कडाडली. "आन् सरका!"

मी ब्लॉकर काढला, सगळी "नाही" पुसली आणि पुन्हा लिंक दाबली. मग काय, लोंढाच आला! कॅमेरा देऊ? हो. माइक देऊ? हो. तेल पाठवू? हो! गुणाबाईनं एकालाही उपाशी परत पाठवलं नाही.

"अभिनंदन!" ती बाई किंचाळली. नाव ठेवून झालं असं समजून बायांनी दामिनीला बुकलायला सुरुवात केली!

"आवं, थांबा! अजून न्हाई सांगितलं!"

त्या बाईचं तोंड बंद करायला मी स्पीकरची वायर उपटायला टेबलाखाली शिरलो. नेमकं तेव्हाच नात पडद्यावर आली. वर दामिनीचा आवाज, "कुर्रर्र... गोदावरी!" पुन्हा बुक्के, आणि त्या बाईचं खणखणीत, "अभिनंदन!"

गुणाबाई डोळे पुसत म्हणाली, "बघा, वेळेवर आली बाई."

मी धडपडत बाहेर आलो, तोवर गोदावरी झोपली होती. तिचं पहिलं अभिनंदन त्या बाईनं केलं. आजोबा टेबलाखाली होते.