अडीच तारे आणि एक ढेकर

ठकी झोपली की तिच्या आईला दोन कामं एकदम करायची असत, आणि दोन्ही कामांना वही एकच होती.

वही पुढून उघडली की ठकीचा दिनक्रम. किती वाजता प्यायली, कुठल्या बाजूला किती मिनिटं, ढेकर आला की नाही, किती दुपटी भिजली. साडेतीन महिन्यांच्या ठकीचं वजन दोन आठवडे जागचं हललं नव्हतं, म्हणून दवाखान्यातल्या सिस्टरने हे सगळं लिहून ठेवायला सांगितलं होतं. वही उलटी करून मागून उघडली की तिथे कुस्ती. मातीतली नव्हे. दोऱ्यांच्या चौकोनातली, चमचमत्या चड्ड्यांची, मुखवट्यांची, आणि कोण जिंकणार हे आधीच ठरलेली.

कोण जिंकणार हे ठरलेलं असतं हे माहीत असूनही तिला त्यात काय दिसायचं, असं नवऱ्याने एकदा विचारलं होतं. "तुझ्या बदल्यांचंही ठरलेलंच असतं," ती म्हणाली होती, "तरी आपण दर वेळी बघतोच ना?" त्यानंतर त्याने विचारलं नाही. तो लिफ्ट बसवण्याचं काम करी. नवीन इमारती जिथे उभ्या राहतील तिथे पंधरा-पंधरा दिवस. या गावात दोघं आली त्याला पाच महिने झाले होते, आणि त्यातले जेमतेम दोन तो घरी होता.

जुन्या कुस्त्यांचं परीक्षण लिहिणाऱ्यांचं इंटरनेटवर एक पान होतं, 'चौकोनी आखाडा'. तिथे ती 'तिसरी दोरी' या नावाने लिही. वाचक तिला 'दोरीसाहेब' म्हणत. तिने कधी दुरुस्ती केली नव्हती. एक तर वेळ नव्हता, आणि दुसरं म्हणजे, दिवसभर ठकीची आई म्हणून राबल्यावर घटकाभर कुणाचं तरी साहेब असणं तिला बरं वाटे.

त्या पानावर तिचा एक हाडवैरी होता. नाव 'लोखंडी खुर्ची'. तिने चार तारे दिले की खुर्ची दीड देई. तिने पंचाला चुकीचा म्हटलं की खुर्ची पंचाच्या बाजूने तीन परिच्छेद लिही. आणि या महिन्यात संपादकांनी नव्वदच्या दशकाच्या शेवटचे मोठे कार्यक्रम एकेकाला वाटून दिले होते. म्हणजे ते, जे लोकांनी त्या काळी वेगळे पैसे भरून बघितले. त्यातला 'काळा रविवार' तिच्या वाट्याला आला होता. आज बारापर्यंत परीक्षण पोचलं नाही, तर तो खुर्चीकडे जाणार होता.

'काळा रविवार' खुर्चीकडे गेलेला तिला चालणार नव्हता. ती आठ वर्षांची असताना मोठ्या भावाने मित्राकडून त्याची कॅसेट आणली होती, नकलेची नक्कल, त्यामुळे सगळ्यांचे चेहरे हिरवे. दोघांनी गादीवर आडवं पडून सगळा कार्यक्रम बघितला. शेवटच्या लढतीत कसाई नावाच्या पैलवानाने लाल मुखवटा नावाच्या दुसऱ्याला खाली दाबलं, पंचाने हात आपटला, एक, दोन, आणि कॅसेट संपली. खांदे टेकलेले असताना तिसरा हात पडला की लढत संपते; तो पडला की नाही, ते कळलंच नाही. भाऊ म्हणाला पडला, ती म्हणाली नाही. आता भाऊ दूरदेशी होता आणि त्याच्याशी बोलणं 'बरं आहे ना, बरं आहे' इतक्यात आटपे. तो तिसरा हात गेल्या आठवड्यात तिला प्रथमच बघायला मिळाला होता.

ठकीची एक खोड होती. शांततेत ती झोपत नसे. पंखा, पाळणा, अंगाई, काही चालत नसे. टीव्हीवर पंधरा हजार माणसं एकदम ओरडू लागली की मात्र तिच्या पापण्या जड होत. त्यामुळे दिवसभर घरात गर्दी गरजे, घंटा वाजे, आणि दोन समालोचक एकमेकांशी अखंड वाद घालत. ठकीची आईही ते बंद करत नसे. घरात कुणीतरी बोलतंय असं वाटे.

त्या सकाळी अकरा चाळीसला ठकी झोपली, ती आईच्या उजव्या हातावरच. सिस्टरलाही तीन दिवसांची नोंद बारापर्यंत हवी होती. ठकीच्या आईने डाव्या हाताने वही मांडीवर ओढली, पडदे ओढलेल्या अंधारात पानांचे फोटो काढले. वही उलटी केली, पुन्हा फोटो काढले. तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. तिने दचकून तो कापला, अंगठ्याने घाईघाईत एक गठ्ठा इकडे, एक गठ्ठा तिकडे पाठवला, आणि फोन पालथा घालून भिंतीला डोकं टेकून डोळे मिटले.

बारा वाजून पंचवीस मिनिटांनी दार वाजलं. बेल नव्हे, दार, आणि तेही मुठीने.

दारात सिस्टर उभी होती, धापा टाकत. तिच्या मागे खालच्या मजल्यावरच्या काकू, हातात लाटणं.

"तो आत आहे का?" सिस्टरने दबक्या आवाजात विचारलं.

"कोण?"

"घाबरू नकोस. नुसती मान हलव."

ठकीच्या आईने गोंधळून मान हलवली. तिला 'नाही' म्हणायचं होतं, पण हातावर ठकी असल्यामुळे ती अर्धवटच हलली. काकू लाटणं परजून आत शिरल्या, थेट न्हाणीघरापर्यंत.

"काकू, अहो कुठे चाललात?"

"तू गप बस. मी आहे ना!"

सिस्टरने तिला खुर्चीत बसवलं. तिचे दंड बघितले, मान बघितली, ठकीला वरून खालपर्यंत तपासलं. मग स्वतःच्या फोनवरून वाचू लागली, "कसाई दारातून आत आला तेव्हाच कळलं, आज काही खरं नाही. पाचव्या मिनिटाला गळा धरला. नवव्या मिनिटाला टेबल मोडलं. सोडवायला मधे पडलेल्यालाही खुर्ची बसली." तिने पुढचं पान सरकवलं. "लोक नुसते ओरडतायत, पुढे कोणी येत नाही. बाई गं, साडेसातशे बाळंतिणी बघितल्या मी, पण असं मिनिटामिनिटाचं कुणी लिहून दिलं नव्हतं!"

ठकीच्या आईने पालथ्या पडलेल्या फोनकडे बघितलं.

"मी तुझ्या नवऱ्याला फोन केला," सिस्टर म्हणाली. "तो म्हणाला मी तर चारशे किलोमीटरवर आहे. मग मी विचारलं, घरी येतो तो कसाई कोण?"

"असं विचारलंत?"

"विचारणारच. तो निघालाय."

"निघाला? अहो, त्याची लिफ्ट अर्धवट टांगलेली आहे!"

"आणि या काकू म्हणाल्या की रोज आरडाओरडा असतो, दोन पुरुष भांडत असतात, मधूनच घंटा वाजते. शिवाय शेवटी तू लिहिलंयस," सिस्टरने चष्मा सारखा केला, "'हे सगळं असूनही मला हे फार आवडतं. साडेचार तारे.' तेव्हा मात्र मी रिक्षाच पकडली."

पुढची दहा मिनिटं ठकीच्या आईने समजावण्यात घालवली. मग टीव्हीचा आवाज वाढवून कसाईलाच समोर उभा केला. कसाई एकशे तीस किलोचा होता आणि त्याच्या लालभडक चड्डीवर मागे सुरा शिवलेला होता. सिस्टर बराच वेळ बघत राहिली. ठकीच्या बापाला 'परत फिर' असं कळवण्यात आलं. तो बसमध्ये बसला होता. "कसाई टीव्हीतला आहे," बायकोने सांगितल्यावर तो म्हणाला, "मी कंडक्टरला सांगून आधीच अर्धी बस हळवी केलीय. आता उतरू कसा?"

काकू मात्र टीव्हीसमोर लाटणं मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"म्हणजे ही गर्दी, हे दोघं बोलणारे, हे सगळं यातलं?"

"हो काकू."

"तुझ्याकडे कुणी येत-बित नाही?"

"नाही. कोण येणार?"

काकू पदराने लाटणं पुसत म्हणाल्या, "मला वाटायचं, तुझ्याकडे सतत पाहुणे असतात. तीन महिने रोज जिन्यापर्यंत यायचे, वर एवढी माणसं ऐकायचे आणि परत फिरायचे. म्हटलं, भरल्या घरात आपण कशाला कडमडायचं? माझं घर तर असं शांत असतं, की घड्याळाची टिकटिकसुद्धा टोचते."

टीव्हीत लाल मुखवटा दोरीवरून कोसळला आणि पंधरा हजार माणसं हळहळली.

सिस्टरच आधी भानावर आली. "पण मग ठकीची नोंद कुठाय?"

ठकीच्या आईने फोन सुलटा केला. 'चौकोनी आखाडा'वर परीक्षण झळकलं होतं. संपादकांनी तिची पानं जशीच्या तशी टाईप करून लावली होती आणि वर लिहिलं होतं, 'तिसरी दोरी यांनी कार्यक्रमाची हकिगत न सांगता त्याचा थकवा सांगितला आहे. धाडसी प्रयोग.'

खाली सगळं होतं. 'सव्वासहा. उजवीकडे अकरा मिनिटं, डावीकडे चार. सुरुवात जोरात, मग दम संपला.' 'साडेआठ. दीड तास झुंज. शेवटी दोघीही रडलो.' 'ढेकर आला नाही.' 'दहा वीस. ढेकर आला. अडीच तारे.' ही ताऱ्यांची सवय तिला इकडेही लागली होती. आणि वाचक खूश होते. एकाने लिहिलं होतं, 'दोरीसाहेब, त्या रटाळ रविवारचं याहून खरं वर्णन झालं नाही.' दुसऱ्याने, 'ढेकर आला नाही! एका वाक्यात सगळी शेवटची लढत!' तिसऱ्याला फक्त 'दोघीही' हा मुद्रणदोष वाटला होता.

तिची नजर शेवटच्या ओळीवर गेली आणि कान गरम झाले. शेऱ्याच्या रकान्यात, सिस्टरलाही दिसू नये म्हणून बारीक अक्षरात लिहिलेलं: 'आज मोठ्या माणसाशी झालेलं बोलणं: दुकानदार, "पिशवी हवी का?" अर्धा तारा.'

"काय झालं गं?" काकूंनी विचारलं.

"काही नाही." तिने नाक ओढलं. ते पान पुसून टाकायला सांगावं, वहीच फाडावी, पुन्हा तिथे फिरकू नये, असं तिने दोन सेकंदांत ठरवून टाकलं. एवढी एकच जागा आपली होती, तीही गेली. मग तिला सगळ्यात खाली नाव दिसलं. लोखंडी खुर्ची. आता अब्रूची लक्तरंच निघणार म्हणून तिने एक डोळा मिटून वाचलं.

'हे कुस्तीचं परीक्षण नाही. संपादकांना मुलं नसावीत. उजवीकडे अकरा आणि डावीकडे चार म्हणजे बाळ डावीकडे नीट पकडत नाहीये. बाळाखालची उशी काढा, बाळाचं पोट आपल्या पोटाला लावा. माझ्या धाकटीने हेच केलं होतं. ती आता सात महिन्यांची आहे, आणि मीही हे सगळं ती झोपल्यावर लिहिते. शेवटच्या ओळीला अर्धा तारासुद्धा जास्त दिलात. उद्या अकराला मोकळ्या असाल तर फोन करते. नंबर संपादकांकडून घेऊ का?'

ठकीच्या आईने ते तीनदा वाचलं. आठ महिने ज्याला ती मनातल्या मनात मिशा काढत आली होती, त्या खुर्चीच्या मिशा एकेक करून गळून पडल्या.

"उशी काढून बघ," तिच्या खांद्यावरून वाचत सिस्टर म्हणाली. "बरोबर सांगतेय ती. कोण आहे ही? आमच्याकडे नोकरी करेल का?"

दुसऱ्या दिवशी अकराला काकू आल्या. लाटणं नव्हतं, उसवलेलं दुपटं शिवायला सुई-दोरा होता. टीव्हीसमोर बसून त्या पहिल्याच मिनिटाला लाल मुखवट्याच्या बाजूने झाल्या. गर्दी गरजली. ठकी झोपली. फोन थरथरला.

"हॅलो," ठकीची आई कुजबुजली.

"हॅलो," पलीकडूनही कुजबुजच आली. "झोपली?"

"हो. तुमची?"

"आत्ताच."

इतके महिने भांडलेल्या माणसाशी पहिल्यांदा बोलताना कुठून सुरू करायचं असतं, ते दोघींनाही ठाऊक नव्हतं. ठकीची आई म्हणणार होती की काल तुम्ही लिहिलंत ते... पण पलीकडून खाकरण्याचा आवाज आला.

"एक सांगू? राग मानू नका."

"सांगा ना."

"'काळ्या रविवारी' पंचाने तिसरा हात वेळेवर आपटला होता."

"काय?" ठकीची आई ताठ झाली. "उशिरा आपटला! मी पाच वेळा बघितलंय!"

"पाच वेळा? मी नऊ वेळा बघितलंय!"

"मग नवव्यांदा झोपल्या असाल तुम्ही! लाल मुखवट्याचा खांदा उचलला गेला होता!"

"मुळीच नाही!"

"होता!" काकूही सुई उगारून म्हणाल्या, "मी आत्ता बघतेय ना!"

ठकीने दचकून डोळे उघडले आणि भोकाड पसरलं. क्षणभराने फोनमधूनही तसंच भोकाड ऐकू आलं, जरा जाडसर, सात महिन्यांचं.

फोन मात्र दोघींपैकी कुणीच ठेवला नाही.