खाटेखालची जळगाव–धुळे

आभाळात गडगडलं की आमच्या शेजारचे नाना लोखंडी खाटेखाली शिरतात आणि मोठ्यानं बसचे थांबे पुकारतात. "पाळधीऽ! पाळधीवाले पुढे या!" वय बहात्तर, गुडघे कामातून गेलेले, तरी शिरतात. कारण त्यांच्या आधी त्यांचा कुत्रा तिथे जाऊन बसलेला असतो. त्याचं नाव चेकर.

नाना जळगाव–धुळे गाडीवर कंडक्टर होते. "आयुष्यभर मी चेकरला भ्यालो, आता एका चेकरला माझं ऐकताना बघू दे," असं ते नावाचं कारण सांगत. पण हा चेकर ढगांना भ्यायला लागला तशी त्यांची थट्टा थांबली. दोन वर्षांपूर्वी वीज कडाडली तेव्हा तो कंपाउंडवरून उडी मारून पळाला. तीन दिवसांनी नशिराबादजवळ हायवेच्या कडेला सापडला, मागचा पाय मोडलेला. पुन्हा पळाला तर जिवंत मिळायचा नाही, हे नानांच्या मनानं घेतलं.

मग उपाय सुरू झाले. कानात कापूस घालून झाला. जुन्या खाकी शर्टात गच्च गुंडाळून झालं. सवय व्हावी म्हणून नाना रोज पत्र्याचा डबा बडवायचे, आज हळू, उद्या जरा जोरात. चेकरला सवय झाली नाही, गल्लीचं मात्र डोकं उठलं. शेवटी लागू पडले ते थांबे. पाळधी, एरंडोल, पारोळा, फागणे, धुळे. गाडी धुळ्याला लागेपर्यंत चेकरची थरथर उतरते. माझ्याशी नाना साधं मराठी बोलतात, चेकरशी मात्र अहिराणी. "त्याला शाळेतली भाषा कळत नाही, ताई."

पावसापाण्याच्या दिवसांत नाना घर सोडत नाहीत. लग्न केलं नाही, त्यामुळे बाहेर ओढणारंही कोणी नाही. धुळ्याला एक थोरली बहीण होती, अक्का. गेल्या दिवाळीच्या तोंडावर ती वारली. दहाव्याला जाणं भाग होतं. सकाळी आभाळ निरभ्र होतं. नानांनी घरासकट चेकरला माझ्या स्वाधीन केलं आणि निघण्यापूर्वी माझ्याकडून थांबे दोनदा म्हणवून घेतले. मी शाळेत मुख्याध्यापिका आहे, पण मुकाट्यानं म्हटले.

दुपारी चारला भरून आलं. पहिल्याच कडकडाटाला चेकर दारावर धडका मारू लागला. कडी खिळखिळी होती. मी त्याला कवेत घेऊन खाटेखाली घुसले, नानांना फोन लावला, स्पीकर चालू केला आणि पुकारलं, "एरंडोलऽ!"

"ताई, पाळधी राहिली!" तिकडून नाना ओरडले. "पाळधीच्या पॅसेंजरनं काय करायचं? थांबा, मी बोलतो."

मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "भ्याऊ नको रे भो. मी शे ना. पाळधी उनी."

चेकरचे कान फोनकडे वळले. एरंडोलपर्यंत त्याचं काळीज माझ्या हाताखाली धडधडत होतं. पारोळ्याला त्यानं मान माझ्या दंडावर टाकली. फागण्याला चक्क झोपला.

"धुळं उनं," गाडी धुळ्याला लावत नाना म्हणाले. मला वाटलं, संपलं. पण ते बोलतच राहिले.

"चेकर, आते धुळाले कोनाकडे जावानं रे? अक्का गई. बठ्ठा लोके माले नाना म्हनतस. बाबू म्हननारी ती एकलीच व्हती. आते बाबू म्हननारं कोन्ही राहिनं नही."

खिडकीतून फरशीवर ऊन आलं होतं. चेकर माझ्या दंडावर घोरत होता.

"ताई," नानांनी विचारलं, "अजून गडगडतंय का? की ठेवू फोन?"

"खूप गडगडतंय नाना," मी म्हणाले. "ठेवू नका. बोला तुम्ही."