वायरलेस भावजी

आमचे भावजी बोलायच्या आधी परवानगी मागत. कोणाची, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन उभे राहायचे, मान जरा तिरकी करायची आणि मोठ्याने विचारायचं, "कोन बोलतंय काय?" मग गप्प. पुन्हा, "कोन बोलतंय काय?" पुन्हा गप्प. मग, "वयनी, च्या."

घरात आम्ही दोघंच. माझा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुली सासरी होत्या. मी ताक घुसळत म्हणायचे, "भावजी, हितं माज्याशी कोन बोलनार? ताक?"

"नियम हाय वयनी. आदी ऐकायचं, वाट मोकळी हाय काय इचारायचं, मंग बोलायचं. नायतर दुसऱ्याच्या बोलन्यावर आपली गाडी चढते."

हा नियम बिनतारी यंत्राचा. भावजी पलटणीत बिनतारीवर होते. पेन्शन घेऊन आले, आणि परीक्षा देऊन घरून हौसेखातर यंत्र चालवायचा सरकारी परवाना मिळवला. तो त्यांनी देवाच्या तसबिरीशेजारी लावला. त्यांनी लग्न केलं नाही. का ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

आमची वाडी पोलादपूरहून उमरठच्या रस्त्याला. वाडीत त्यांचं नाव नारायण होतं हे फक्त रेशनकार्डाला माहीत. लहानथोर सगळे त्यांना वायरलेस म्हणत. आमच्या परसातला माड, तिथून देवळामागचा आंबा, अशी त्यांची तार गेलेली. त्या तारेवर मी एकदा गोधडी वाळत घातली, तेव्हा घरात दोन दिवस अबोला होता.

माणसाचं बोलणंही ते यंत्रासारखं मोजत. देवळात कीर्तन झालं. बुवांनी कौतुकाने विचारलं, "कसं काय झालं?" भावजी म्हणाले, "जोर पाचातले पाच. कळलं पाचातले दोन." बुवा पुन्हा आमच्या वाडीत आले नाहीत.

मग टीव्ही आला, सरपंचांकडे. रविवारी सकाळी सगळी वाडी त्यांच्या पडवीत. देवाने बाण ओढला, की इकडे भावजींनी यंत्राची चावी दाबलीच. पडद्यावर नुसते पट्टे. सरपंचीण तणतणत आमच्या दारात आली. "गो काकी, तुज्या दिराला काय सांगशील का नाय? ऐन टायमाला देव पट्ट्यांत गेला!"

"देव हाय ना?" मी म्हटलं. "येईल त्याचा तो भायेर."

यंत्रं जुनी. लढाईच्या काळातली, म्हशीएवढी जड. महाडचे कासमभाई भंगारवाले ती कुठून कुठून उचलून आणायचे आणि टेम्पोतून उतरवताना म्हणायचे, "नारायणराव, ये देखो, तुमची नवरी." भावजी खरंच नवरीसारखं बघायचे. पाठ उघडायची, उंदराचं घरटं काढायचं, एकेक तार ब्रशने पुसायची, जळलेला भाग काढून नवा डाख लावायचा. घरभर राळेचा वास. पावसाळ्यात दमट हवा लागू नये म्हणून यंत्राच्या पोटात बल्ब पेटता ठेवायचा. चार महिने आमच्या घरात माणसं ओली आणि यंत्र कोरडं. आणि मग एके दिवशी आतल्या काचेच्या नळ्या हळूहळू तांबूस व्हायच्या, तेव्हा हाक यायची, "वयनी, बघा, जीव आला." मी हातातलं टाकून बघायला जात नसे. आता वाटतं तो निखारा बघण्यासारखा होता.

दुरुस्त झालं की यंत्र कासमभाई परत घेऊन जात. एकच ठेवून घेतलं, मुत्तण्णासाठी.

हा मुत्तण्णा कुर्गातला. पोस्टातला जुना तारबाबू, म्हातारा. रोज सकाळी न्याहारीच्या आधी दोघांची भेट, तारेच्या भाषेत, टक-टक करून. एकमेकांना कधी बघितलं नाही. आवाजसुद्धा ऐकला नाही.

मी एकदा विचारलं, "एवढी मशीन तापवून बोलता तरी काय?"

"तो सांगतो पाऊस हाय. मी सांगतो हितं पन हाय."

"बस?"

"गुडघ्याचं पन सांगतो."

"मंग तो तोच हाय कशावरून? दुसराच कोन टकटक करत असंल."

भावजींना राग आला. "हात वळखतो मी त्याचा. चावीवर जेचा तेचा हात असतो वयनी. अक्षरासारखा."

एका सकाळी मी त्यांना सांगत होते की गाय दूध देत नाही. ते उंबऱ्यावर आले आणि विचारलं, "कोन बोलतंय काय?"

मी बोलतच होते.

पुन्हा विचारलं, "कोन बोलतंय काय?" माझ्या तोंडाकडे न बघता. तेव्हा मला कळलं. गेले कित्येक महिने वाडी ज्याला हसत होती, तो आता नियम राहिला नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं.

मी त्यांना महाडला डॉक्टरकडे नेलं. कानाचं मशीन मिळालं. भावजींनी घरी येताच ते खोललं, तपासलं, परत जोडलं. म्हणाले, "मशीन झकास हाय. कानच जळलाय." डाव्या कानाशी ओरडलं तर थोडं पोचायचं. यंत्रातून येणारी मुत्तण्णाची बारीक शीळ पोचेना. त्यांनी यंत्राला आवाजाबरोबर हलणारी सुई लावून बघितली. पण सुईला मुत्तण्णा आणि ढगातली वीज सारखीच, दोन्हीला उडते. निवड कानाने करायची असते. तरी रोज सकाळी ते चावीवर बसत आणि एकतर्फी पाऊस कळवून उठत.

आठवडाभर मी ते बघितलं. मग डाव्या कानाशी जाऊन ओरडले, "माजे कान शाबूत हायत!"

माझी शाळा चौथीपर्यंत. इंग्रजी नावालाही नाही. पण भावजी म्हणाले, अक्षर कळायची गरज नाही, लांब आणि तोकडं एवढंच कळलं पाहिजे. ते मला कळत होतं, ऱ्हस्व-दीर्घासाठी गुरुजींच्या छड्या खाल्ल्या होत्या. मी कानाला यंत्राचं ते ऐकायचं काळं कुंडल लावायचं आणि जसं ऐकू येईल तसं वाजवायचं. कशावर? दिराचा हात हातात घेऊन बसणं काय बरं दिसलं असतं? आमच्याकडे भाकरी हातावर थापतात, पोळपाट सणालाच निघतो. तो काढला. त्यांनी त्यावर पंजा ठेवला, मी कडेला लाटण्याचं टोक धरलं. तोकड्याला टक. लांबाला टोक घासत न्यायचं.

सुरुवातीला त्या खरखरीतून शीळ निवडताना डोकं उठायचं. मुत्तण्णा बिचारा सगळं दोनदा-तीनदा पाठवी. सरपंचीण एकदा दारातून बघून गेली आणि वाडीत सांगितलं, काकीलापन लागन झाली.

जमायला लागलं तसे भावजी खूश होतील असं मला वाटलं. झाले नाहीत. विचारलं तर म्हणाले, "मजकूर समदा येतो वयनी. पन मुत्तण्णा नाय येत. हात तुमचा येतो."

"मंग करा तुमचं तुमी," मी म्हटलं, आणि लाटणं आपटून उठले. त्यांना ऐकू गेलं नाही, पण आपटलेलं पंजाला कळलं.

दुसऱ्या दिवशी मात्र मी वेगळी ऐकायला बसले. खरंच, प्रत्येकाचा हात असतो. मुत्तण्णाची तोकडी घाईघाईत यायची, कोंबडीमागे पिल्लं धावतात तशी. मध्येच दम खायचा. आणि निरोप घेताना नाव घालायचा, त्याच्या शेवटी एक तोकडं आणि एक लांब. ते लांब तो ओढत न्यायचा, ओढत न्यायचा, जाणारा माणूस दारात रेंगाळावा तसं. मी तसंच वाजवू लागले. घाई तिथे घाई, दम तिथे दम. नावाचं शेवटचं लांब पोळपाटाच्या या काठापासून त्या काठापर्यंत ओढलं, तर भावजी लहान पोरासारखे ओरडले, "आला! आला गो वयनी, म्हातारा आला!"

असा एक पावसाळा गेला आणि हिवाळा गेला.

शिमग्याच्या सुमाराला मुत्तण्णा काही दिवस आला नाही. भावजी रोज हाक घालत, मी ऐके, मान हलवे. मग एका सकाळी हाकेला उत्तर आलं. मी लाटणं उचललं आणि दोन-तीन अक्षरांतच थांबले. शीळ तिथलीच होती. पण हात सरळ होता, सारखा, शाळेतल्या बाईंच्या अक्षरासारखा. घाई नाही, दम नाही.

"का वो वयनी? गेला काय?"

मी जशी येत होती तशी वाजवली. सरळ, सारखी. भावजींचा पंजा पोळपाटावर घट्ट झाला.

"हा तो नाय," ते म्हणाले.

पुढचं मला वाचता येत नव्हतं, त्यांना येत होतं. मी शेवटपर्यंत वाजवलं. मग त्यांनी सांगितलं, ती मुत्तण्णाची लेक होती. बापानेच तिला चावी शिकवली होती. बाप गेल्याचं तिने कळवलं, आणि तुम्हाला रोज हाक मारताना मी ऐकत होते, पण माझा हात उठत नव्हता, असंही कळवलं. भावजींनी तिला उत्तर दिलं. काय दिलं ते मी विचारलं नाही. यंत्र बंद केलं. नळ्यांतला लाल जायला वेळ लागतो. तोवर ते तिथेच बसून होते.

नंतर त्यांनी चावीला हात लावला नाही. कासमभाईंची यंत्रं येत, ते दुरुस्त करत, जात. बोलणं जवळजवळ बंद. मीही ओरडायला जात नसे. काय ओरडणार?

एकदा मी चुलीपुढे होते, तव्यावर भाकरी. भावजी आत आले, फळीवरचा पोळपाट काढला, माझ्यासमोर ठेवला. खाली बसले आणि त्यावर पंजा टेकला.

"वयनी, त्याचं नाव घाला एकदा. त्याच्या हातानं."

माझे हात पिठाचे. तसंच लाटणं घेतलं. घाईने घातलं, मध्ये दम घेतला, पुन्हा घाईने. शेवटचं लांब या काठापासून त्या काठापर्यंत ओढत नेलं.

ते डोळे मिटून होते.

"परत," म्हणाले.

मी परत घातलं. भाकरी करपली. आम्ही दोघांनी ती तशीच खाल्ली.