मनोहररावांचा तास

लंडनमधल्या आमच्या हॅरोच्या गल्लीत शेजारी मनोहरराव राहतात. त्यांचा तास उन्हाळ्यात फुगतो आणि हिवाळ्यात आटतो. जूनमध्ये "तासाभरात येतो" म्हणाले की माझी भजी गार. डिसेंबरमध्ये तेच म्हणाले की मी अजून आंघोळीत आणि दारावर बेल.

नोकरीभर त्यांनी एका म्युझियममध्ये जुन्या हस्तलिखितांचे फोटो काढले. शेकडो वर्षांपूर्वी इथल्या मठांतल्या ख्रिस्ती साधूंनी हाताने लिहिलेली पुस्तकं. ते साधू म्हणे उजेडाचे बारा भाग करायचे आणि अंधाराचेही बारा. दिवस मोठा तर दिवसाचा तास मोठा, रात्र मोठी तर रात्रीचा. मनोहररावांनी हे मनावर घेतलं आणि मनगटावरचं घड्याळ काढून टाकलं.

एकदा त्यांनी एका पानाचा फोटो आणला. त्यावर हात काढलेला. ईस्टरचा सण दरवर्षी वेगळ्या तारखेला, तो कधी येणार ते बोटांच्या पेरांवर मोजायचं.

"वहिनी, काय डोकं असेल बघा!"

"मी चौथी शिकले. पेरांवर मीही मोजते. माझाही फोटो काढा."

त्यांची बायको सुलभा इतकी हसली की चहा सांडला. तेव्हा ती घरी होती. पोहे झाले की कुंपणावरून ओरडायची, "साधूबाबा, चला, भरला तुमचा तास!" चांगले दिवस होते ते.

मग सुलभा विसरायला लागली. आता ती केअर होममध्ये असते. तिथला नियम, रोज एकच तास भेट. उन्हाळाभर मनोहरराव दुपारी जायचे. थंडी पडली तसे अंधार पडल्यावर निघायला लागले.

"अहो, फुटपाथवर बर्फ आहे. पडाल. उजेडी जायला काय होतं?"

"थंडीत दिवसाचा तास आखूड, वहिनी. रात्रीचा लांब."

डोकं फिरलंय म्हटलं, आणि पडतील म्हणून सोबत गेले.

"आपण कोण?" सुलभाने विचारलं.

"मी मनोहर," म्हणाले, आणि संत्रं सोलायला बसले. एकेका फोडीच्या शिरा काढून तिच्या हातावर ठेवायचे. ती सावकाश खायची.

नर्स आली. "वन अवर झाला," असं काहीसं इंग्रजीत म्हणाली. मी कोट चढवला.

"माझा नाही झाला," मनोहरराव मान वर न करता म्हणाले.

नर्सने माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं, यांचा तास मोठा असतो, तू आधी बाकीच्या खोल्या बघून ये.

ती गेली. मी कोट काढला आणि पुन्हा बसले.