काका रांजणात

काकांना जाग आली तेव्हा डोक्यावरचं आभाळ बशीएवढं उरलं होतं.

काकू संग्रहालयासाठी वेताचा पुरुषभर उंच रांजण विणत होत्या. आत बसून वेताची टोकं बाहेर ढकलणं हे काकांचं काम. जेवून ते पुन्हा आत शिरले आणि गारव्याला त्यांचा डोळा लागला. काका बाहेर गेलेत असं समजून काकूंनी रांजणाचा गळा विणून टाकला.

ओरडावं, तर रांजण कापावा लागणार. आणि इतक्या वर्षांनी कोणीतरी काकूंच्या कलेची कदर केली होती. शिवाय ‘आत झोपू नका’ असं काकूंनी बजावलं होतं, त्याची धास्ती वेगळीच. तेवढ्यात दारात टेम्पो थांबला.

“काकू, केवढा जड आहे हो हा!” हमाल धापा टाकत म्हणाला.

“वेत ओला आहे अजून,” काकू म्हणाल्या आणि स्वतःही टेम्पोत पुढे बसल्या.

काका श्वास रोखून बसले. टेम्पोच्या प्रत्येक धक्क्याला त्यांचा जीव खालीवर होत होता. दालनात रांजण ठेवला, त्यावर पहारेकऱ्याने फडकं मारलं आणि काकांना सणसणीत शिंक आली.

संग्रहालयाचे साहेब दोन पावलं मागे सरकले. “आत काय आहे?”

“घूस असेल, साहेब. औषध फवारू?” पहारेकऱ्याने विचारलं.

“नको! मी आहे, मी!” रांजण किंचाळला.

“अहो?” काकूंनी गळ्यातून आत डोकावलं.

“आम्हाला जिवंत कला हवी होती,” साहेब घाम पुसत म्हणाले, “पण इतकी नाही. करवत आणा!”

“कापू नका! मी राहतो आत!” काका कळवळले.

काकूंनी गळा उसवायला घेतला. बघता बघता गर्दी जमली. कोणी वेत हातात घेऊन पाहिला, कोणी विळखा कसा घालायचा ते विचारलं. साहेबांचा सूर पालटला. “काकू, रोज इथेच बसून विणाल का? तुमच्यानंतर हे कोणाला येतं?”

काकूंचे हात थांबले. “कोणालाच नाही.”

“मला येतं थोडं,” आतून चाचरत आवाज आला. “इतकी वर्षं आतून बघतोय.”

काकूंनी उरलेला गळा उसवला, काकांना बाहेर ओढलं, पदर खोचला आणि स्वतः रांजणात उतरल्या.

“घाला विळखा,” आतून हुकूम आला. “आणि चुकलात, तर सगळ्यांसमोर उसवायला लावीन.”

काकांनी वेत उचलला.