पिंडापाशी थरथरलेला तांब्या

कुशाबांच्या दहाव्याला निघण्यापूर्वी समस्त भावकी ओसरीवर मान खाली घालून बसली असता, त्यांचे धाकटे बंधू हैबतराव यांच्या सदऱ्याच्या खिशातून एक स्त्री अत्यंत प्रसन्न स्वरात म्हणाली, "अभिनंदन! आपल्यासाठी खास सवलत!"

पाठोपाठ घंटा वाजली. मग कोणी शीळ घातली.

"भावजी, आजच्या दिवस तरी," कुशाबांच्या पत्नी सगुणाबाई डोळ्यांना पदर लावीत म्हणाल्या.

वस्तुतः हैबतराव बेशिस्त गृहस्थ नव्हते. गावचे सरपंचपद त्यांनी भूषविले होते आणि विचारणाऱ्याला विन्मुख पाठवायचे नाही, हा त्यांचा शिरस्ता होता. फोनवर अथवा संगणकावर कोणतेही पान उघडले की ते अदबीने विचारी, 'आपणांस सूचना पाठवू का?' इतक्या नम्रतेने विचारणाऱ्यास नकार देणे त्यांना प्रशस्त वाटत नसे. परिणामी खतांची दुकाने, जमिनींचे दलाल, राशिभविष्यकार आणि परदेशातील हवामान अशी सर्व मंडळी त्यांच्या खिशात वस्तीला आली होती.

कुशाबांची एकुलती एक कन्या पिंकी हिंजवडीस संगणकाच्या कंपनीत नोकरीला होती. तिने फोन हाती घेतला.

"काका, केनियातल्या पावसाचं तुमाला काय करायचंय?"

"त्येंनी इचारलं, पोरी. न्हाई कसं म्हनू?"

"आमी इचारलं तवा बरं न्हाई म्हनता आलं," सगुणाबाई म्हणाल्या.

ओसरी अधिकच गंभीर झाली. रस्त्यालगतचा जमिनीचा तुकडा थोरल्याचा, असे वडील तोंडी सांगून गेले होते. तथापि हैबतरावांनी त्यास तारेचे कुंपण घातले होते, आणि बंगला बांधू इच्छिणारे पुण्याचे एक साहेब तो दोनदा पाहून गेले होते. कुशाबा अखेरपर्यंत त्या तुकड्याविषयी आणि सामाईक विहिरीच्या पाण्याविषयी विचारीत राहिले.

पिंकीने बराच वेळ बोटे चालविली. "घ्या. एकेकाची परवानगी काढून घेतली. आता फक्त घरच्या माणसांचं येईल. तेबी आवाज न्हाई, नुसता थरथरंल."

हैबतरावांना नवे बळ आले. फोन खिशात घालून त्यांनी भावकीस बजावले, "घाटावर कुनाचा फोन वाजला, तर त्येची गय करनार न्हाई. सांगून ठिवतो!"

कुशाबांना पुत्र नसल्याने विधी हैबतरावांच्याच हातून होते. नदीवर त्यांनी सदरा उतरविला, घडी घालून शिळेवर ठेवला आणि वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर पितळी तांब्या ठेवला. शेजारीच गुरुजींनी पिंड मांडले. यथासांग विधी उरकून सर्वजण मागे सरले आणि कावळ्याची प्रतीक्षा करू लागले.

कावळा आला. मान तिरकी करून पिंडाकडे सरकला. इतक्यात तांब्या खडखडला आणि कावळा उडाला. नदीच्या खळाळात ती खडखड कोणासही ऐकू आली नाही. तांब्या हलताना दिसला तो केवळ हैबतरावांना.

"कुशाबाचं कायतरी ऱ्हायलंय," भावकीतले वडीलधारे नथूअण्णा म्हणाले. "बोल, हैबत."

हैबतरावांनी हात जोडले. "दादा, वैनीला औषिदपान्याला कमी पडू देनार न्हाई."

कावळा पुन्हा उतरला. तांब्या पुन्हा थरथरला.

"पिंकीचं लगीन मी थाटात लावून दीन!"

तांब्या तर आता सदऱ्यावर चक्क फिरू लागला. कावळा पार उंबराच्या शेंड्यावर जाऊन बसला. पिंकी बापडी मान खाली घालून, ओढणीआड हात घेऊन उभी होती.

दोष दिवंगत आत्म्याचा नसून खिशातील यंत्राचा आहे, हे हैबतरावांना कळून चुकले होते. परंतु ज्याने सकाळीच सर्वांना दम भरला, त्यानेच स्वतःचा फोन पिंडापाशी ठेवला, हे सांगावे कोणत्या तोंडाने? अखेरीस त्यांनी धीर केला.

"वैनी, तितं सदऱ्यात माजा फोन..."

"भावजी!" सगुणाबाईंना हुंदका आवरेना. "सख्खा भाव उपाशी बसलाय झाडावं, आन् तुमाला फोन सुचतोय?"

भावकीत कुजबुज झाली. गुरुजींनी घड्याळ पाहिले. "दर्भाचा कावळा करून पिंडाला लावू या का?"

दर्भाचा कावळा म्हणजे धाकट्याच्या हातचा घास थोरल्याने नाकारला, अशी साऱ्या खोऱ्यात दवंडीच.

"हैबत," नथूअण्णा हळूच म्हणाले, "रस्त्याकडचं बोल की."

हैबतरावांनी पुन्हा हात जोडले. "दादा... रस्त्याकडचा तुकडा तुजा. वैनीच्या नावावं करून दितो. समद्यांम्होरं सांगतोय."

कावळा उतरला. तांब्या किंचित हलला. कावळा दोन पावले मागे सरला.

"आन् इहिरीचं पानीबी! निम्मं!" हैबतराव ओरडले.

तांब्या स्तब्ध झाला. कावळ्याने पुढे होऊन भाताचा मोठा घास उचलला. त्यानंतर तांब्या आणखी एकदा थरथरला, परंतु चोच भरलेली असल्यामुळे कावळ्याने तिकडे लक्ष दिले नाही.

"आयकलं बगा त्यांनी," सगुणाबाई रडत रडत म्हणाल्या, आणि दिराच्या पायाशी वाकल्या. थोरली भावजय वाकलेली पाहून भावकीचे डोळे पाणावले. कोणीसे म्हणाले, असा भाऊ मिळायला भाग्य लागते.

हैबतरावांनी सदरा अंगात घातला आणि पाठमोरे होऊन फोन उघडला. संदेश ओळीने आले होते.

'काका, बोला.'

'औषधाचं नको.'

'लग्नाचंही नको. जागेचं.'

'विहीर राहिली.'

'धन्यवाद, काका.'

सर्व संदेशांवर एकच नाव होते. हैबतरावांनी मान वर केली. पिंकी आईला धरून चढण चढत होती. ते धापा टाकीत तिच्यापाशी पोहोचले. सगुणाबाईंच्या मुद्रेवर दहा दिवसांत प्रथमच समाधान दिसत होते. त्याकडे पाहून हैबतरावांनी ओठांवर आलेला शब्द गिळला आणि फोन पुढे केला.

"पिंके, ह्ये घरच्या मानसांचं... ह्ये बंद करता येत न्हाई व्हय?"

"येतं की, काका," पिंकी नम्रपणे म्हणाली. "मोजणी झाली की लगेच करून देते."