इंदू परबची शंभर बोटं

सकाळी आमच्या लालबागच्या चाळीत दारावर थाप पडली, की पुरुषमंडळी टमरेल उचलून पसार व्हायची. थाप दूधवाल्याची असली तरी. कारण ती इंदू परबची असण्याचा धोका होता. एका हातात स्पिरिटचा बोळा, दुसऱ्या हातात सुई आणि काखेत काचपट्ट्यांची पेटी घेऊन इंदू दारात उभी राही आणि म्हणे, "जरा बोट द्या. मुंगी चावल्यागत, बस."

इंदू परळच्या मेडिकल कॉलेजात शिकत होती. गिरणीतल्या जॉबरची, म्हणजे मुकादमाची, मुलगी डॉक्टर होणार, याचा चाळीला फार अभिमान होता. सुई दिसली की तो तेवढ्यापुरता ओसरत असे. तिला बाळंतपणं करायची नव्हती की कुणाचे ताप उतरवायचे नव्हते. तिला पॅथॉलॉजीत जायचं होतं. म्हणजे मायक्रोस्कोपखाली रक्तमांस बघून रोग ओळखायचा.

"म्हणजे आजारी माणसाशी बोलायचंसुद्धा नाही?" माझ्या आईनं विचारलं.

"माणसं खोटं बोलतात, मावशी," इंदू म्हणाली. "रक्त नाही बोलत."

तिच्या सरांनी अट घातली होती. परीक्षेनंतर लॅबमध्ये काम शिकायला यायचं असेल, तर शंभर निरोगी माणसांच्या रक्ताच्या काचा स्वतः करून, स्वतः बघून आणायच्या. निरोगी रक्त डोळ्यांत बसल्याशिवाय आजारी रक्त ओळखता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. पण इस्पितळात सगळे आजारीच. शंभर धडधाकट माणसं आणायची कुठून? इंदूनं चाळीवर नजर टाकली. तिच्या वडिलांनी गिरणीतल्या मोडक्या खोक्यांच्या फळ्या जोडून तिला शंभर खाचांची पेटी करून दिली आणि आमचे हाल सुरू झाले.

काचेवर रक्ताचा थेंब घ्यायचा आणि दुसऱ्या काचेच्या कडेनं तो झटक्यात पसरायचा. पसरता पसरता तो विरळ होत गेला पाहिजे. त्या विरळ टोकाला इंदू शेपूट म्हणे. ते जमलं नाही की शांतपणे सांगे, "शेपूट नाही. दुसरं बोट." मग पेशी उठून दिसाव्यात म्हणून काचेवर जांभळा रंग ओतून ती काच मोरीत धूत असे. मोरीचा दगड कायमचा जांभळा झाला. "काय करू ह्या चेडवाक!" परबकाकी गॅलरीत येऊन सांगायच्या. "बांगडे धुवक गेलंय, तर ते पण जांभळे!"

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. नाक्यावर रोज सभा. एका संध्याकाळी आमच्या चाळीचे दामूअण्णा माइक धरून गरजले, "मुंबईसाठी रक्ताचा शेवटचा थेंब देऊ!" टाळ्या थांबता थांबेनात. दुसऱ्या दिवशी सकाळी इंदू त्यांच्या दारात.

"अण्णा, शेवटचा नको. पहिलाच द्या."

अण्णा दोन दिवस हिंदमाताला बहिणीकडे जाऊन राहिले. तिसऱ्या दिवशी परतले, तर इंदू जिन्यातच बसलेली.

मी अण्णांना हसायचं काही कारण नव्हतं. मी गिरगावातल्या एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचो. रक्त सांडण्याची भाषा असलेली ती सगळी पत्रकं मीच जुळवली होती, आणि सुई बघताच मी उंबऱ्यावर आडवा झालो. शुद्धीवर आलो तेव्हा इंदू काच उजेडात धरून म्हणत होती, "बेशुद्ध माणसाचं शेपूट छान येतं."

माझी काच शंभरावी. चाळीला हायसं वाटलं. पण दोन दिवसांनी इंदू पुन्हा माझ्याच दारात! मग आणखी दोन दिवसांनी पुन्हा. एका माणसाचं बोट एकदाच, हा तिचा कायदा. तो माझ्यासाठी मोडला म्हटल्यावर कुजबुज सुरू झाली. आईनं पाहुण्यांच्या कपबश्या खाली काढल्या. मीही काही साधू नव्हतो. इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून बसू लागलो.

चौथ्या खेपेला इंदू माझ्या डोळ्यांत टक लावून बघत राहिली. मी मान खाली घातली. तिनं माझी खालची पापणी ओढली आणि म्हणाली, "दत्तू, आ कर. हिरड्या बघू दे." मग, "शौचाला साफ होतं का तुला?"

गॅलरीत कान लावून उभ्या राहिलेल्या बायका मुकाट्यानं आत गेल्या.

साफ होत नव्हतं. पोटात कळा यायच्या. नाक्यावरचे डॉक्टर पित्त म्हणून पुड्या द्यायचे. आणि एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती. माझा उजवा हात मनगटातून लुळा पडत चालला होता. खिळे बोटांतून निसटत होते. तो हात गेला तर मी करणार काय, या भीतीनं मी गप्प होतो. इंदूला सगळं सांगून टाकलं.

"खिळे तोंडात धरतोस?"

"हात गुंतले की धरतो."

"जेवताना हात धुतोस?"

"पुसतो. लेंग्याला."

"त्या खिळ्यांतलं शिसं भिनलंय तुझ्या अंगात," इंदू म्हणाली. "तुझ्या रक्तातल्या तांबड्या पेशींत निळे ठिपके आहेत."

या खेपांमागचं मला नंतर इस्पितळात तिच्या सरांनीच सांगितलं. पहिली काच बघून ते हसले होते. ठिपके कसले, रंग नीट गाळला नाही, त्यातला कचरा आहे हा. इंदू दुसरी काच घेऊन गेली, तिसरी घेऊन गेली. चौथ्या काचेबरोबर तिनं सबंध पेटीच टेबलावर ठेवली. "सर, तोच रंग, तीच मोरी, तेच पाणी. नव्याण्णव माणसांत एक ठिपका दाखवा." सर दुपारभर काचा बघत बसले आणि मग म्हणाले, "त्याला घेऊन ये."

मी महिनाभर इस्पितळात होतो. इंदू माझ्या छापखान्यात गेली, मालकांपुढे साबणाची वडी ठेवली आणि जाहीर केलं, की यापुढे खिळा तोंडात धरणाऱ्याचं बोट ती रोज घेईल. छापखाना त्या दिवसापासून हात धुऊन जेवू लागला. मला मालकांनी मुद्रितं तपासायला बसवलं.

सातआठ महिन्यांनी हात पुष्कळ सुधारला. एकदा परबकाकींना सहज विचारलं, "इंदू लॅबमध्ये कधी जाणार?"

"खंयची लॅब? ती जागा तिच्या वर्गातल्या दुसऱ्या चेडवाक गावली. हिचे नव्याण्णवच झालेत."

माझी काच निरोगी नव्हती. ती मोजणीत धरली नव्हती.

"पण काकी, एवढ्या मुंबईत शंभरावा माणूस मिळाला नाही?"

"मी पण ताच इचारलंय. तर म्हणता, शंभरावी काच दत्तूची. तो बरो झाल्याशिवाय पेटी देवची नाय."

मला भयंकर राग आला. तिचा आला, की माझ्या इस्त्रीच्या शर्टांचा, ते आजही कळलेलं नाही. तडक परबांच्या खोलीत गेलो. इंदू खिडकीशी वाचत बसली होती. मी उजवा हात तिच्यापुढे केला.

"घे बोट."

तिनं बोट घेतलं नाही. मनगट धरलं, माझ्या हाताच्या पाठीवर आपला तळवा ठेवला आणि म्हणाली, "वर उचल." मी उचलला. तिनं खाली दाबून पाहिलं. हात पडला नाही. तिचे डोळे भरून आले. तिनं घाईघाईनं पेटी उघडली. शेवटची खाच रिकामी होती.

"मुंगी चावल्यागत," ती म्हणाली आणि सुई शोधू लागली.

"बस," मी वाक्य पुरं केलं.

या खेपेला मी डोळे मिटले नाहीत. तिनं थेंब काचेवर घेतला, दुसरी काच टेकवली, पण पसरताना तिची नजर काचेवर नव्हती, माझ्या मनगटावर होती. तिनं काच उजेडात धरली.

"शेपूट नाही," ती म्हणाली.

मी दुसरं बोट पुढे केलं.